विकतचा धूर

दिवाळीच्या सुमारास बडोद्याच्या दांडिया बाजारात आत्याकडे गेले तेव्हा माझ्या हातचं एक मातीचं भांडं तिला नेऊन दिलं. ओंजळीत मावेल एवढं, गोल पोटाचं, अरुंद तोंडाचं. एका अंगाने बदामी, दुसऱ्या अंगाने काळ्या-करड्या छटा एकमेकींत विरलेल्या, आणि त्यांच्यामधून तांब्याच्या तारेने उमटवलेली एक वाकडीतिकडी काळपट रेघ. फार आवडलेलं भांडं होतं ते, द्यावं की न द्यावं असं झालं होतं. पुढच्याच आठवड्यात आत्याचा फोन. "अगं, तुझं ते मडकं. पितांबरी लावून झाली, चिंच लावून झाली, काल तर कुठून कुठून राख मिळवली आणि काथ्याने खसाखसा घासलं. डाग काही हलत नाही बघ. तुझ्या भट्टीवाल्याने नीट भाजून दिलेलं दिसत नाही." मी म्हटलं, आत्या, डाग नाहीये तो, मी मुद्दाम आणलाय, धूर देऊन. पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग, "धूर देऊन? पण तुमची भट्टी तर विजेची ना?" विजेचीच. "आणि असलं लोक विकत घेतात?" घेतात. "केवढ्याला?" मी आकडा सांगितला. "लो, बोला!" एवढं म्हणून ती आपल्या गुडघ्यांच्या विषयावर आली.

तो आकडा सांगताना माझा आवाज खाली गेला होता. का गेला, हे पुढे बरेच दिवस डोक्यात घोळत राहिलं.

स्टुडिओत आम्ही या प्रकाराला नुसतं 'फॉइल' म्हणतो. "रविवारनंतर फॉइल लावू" असं कुणी म्हटलं की बाकीचे आपापली ग्लेझची, म्हणजे काचेरी लेपाची, भांडी भट्टीजवळून उचलून न्यायला लागतात. खरं काम भट्टीच्या कितीतरी आधी सुरू होतं. माती पाण्यात अगदी पातळ कालवायची, तिच्यात किंचित सोडियम सिलिकेट टाकायचं आणि बरणीत निवळत ठेवायची. जड कण तळाशी बसतात, वर पाणी राहतं, आणि मधे अतिशय बारीक कणांचा जो थर तरंगत असतो तो नळीने अलगद ओढून घ्यायचा. हा टेरा सिजिलाटा. आमच्या तोंडी 'सिग'. वाळलेल्या कच्च्या भांड्यावर सिगचे दोन-तीन हात द्यायचे आणि ओल पुरती उडायच्या आत मऊ सुती कापडाने घासत बसायचं. माझ्याकडे त्यासाठी आईच्या जुन्या नऊवारीचे तुकडे आहेत. बाजारातलं कुठलंही फडकं त्यांच्या पासंगाला पुरत नाही. हळूहळू मातीला चकाकी चढते, ग्लेझची काचेरी नव्हे, अंगाला तेल जिरल्यावर येते तशी. मग पहिली भाजणी, ९०० अंशांच्या आसपास. त्याच्या फार वर गेलं की चकाकी मरते आणि मातीची छिद्रंही बुजू लागतात. छिद्रं बुजली तर धुराने शिरायचं कुठून?

भाजून निघालेल्या भांड्याला मग केळीची वाळलेली सालं, वापरून वाळवलेली चहापत्ती, लाकडाचा भुसा, नारळाची शेंडी असं जे जे हाताला लागेल ते लपेटायचं, हवी तिथे तांब्याची तार फिरवायची आणि वरून ॲल्युमिनियम फॉइलचे दोन पदर घट्ट आवळायचे. पोळ्यांच्या डब्याची असते तीच फॉइल. मोकळ्या मैदानात, गॅसच्या भट्टीत हे करणारे लोक मीठ, फेरिक क्लोराइड, हिराकस, मोरचूद असं काय काय आत घालतात आणि नारिंगी, गुलाबी, विटकरी रंग काढतात. विजेच्या भट्टीत ती चैन नाही. मीठ आणि क्लोराइड तापले की त्यांच्या वाफा भट्टीच्या तापणाऱ्या तारा, म्हणजे कॉइल, कुरतडतात, माणसाच्या छातीलाही सोडत नाहीत. तेव्हा आमच्या वाट्याला काळा, करडा, तपकिरी आणि मधल्या छटा. मला तेवढ्या पुरतात. इन्स्टाग्रामवरची ती भडक नारिंगी भांडी पाहून मला कधी हेवा वाटलेला नाही, थोडा वाटला असेल तर तो फोटोच्या उजेडाचा.

ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, म्हणून आम्ही ६२०-६३० च्या पुढे जात नाही. २०० उलटले की वास येऊ लागतो; ३०० ते ४०० च्या दरम्यान भट्टीच्या वरच्या भोकातून खरा धूर निघतो, पिवळट, डोळ्यांना झोंबणारा; ५०० नंतर तो विरत जातो, कारण आतल्या साली-भुशाचा तोवर कोळसा झालेला असतो. ५७३ पाशी मातीतल्या गारेचे कण एकदम फुगतात, तिथे घाई केली तर तडा ठरलेला. फॉइलच्या आत हवा जवळजवळ नाही, त्यामुळे कार्बन जळून जात नाही, छिद्रांत जाऊन बसतो. फॉइलला टाचणीएवढं भोक पडलं तरी तेवढ्यात हवा घुसते, कार्बन जळतो आणि माती पुन्हा उजळते. आत्याच्या भांड्याच्या काळ्या अंगावर एक बदामी ठिपका आहे तो असाच. तिच्या राखेने आणि काथ्याने सिगची चकाकी थोडी कमी झाली असेल. काळं निघणं शक्य नव्हतं, ते मातीत मुरलेलं आहे.

या सगळ्यात मला गंमत वाटते ती एका जुन्या डब्याची. लाकडाच्या आणि कोळशाच्या भट्ट्यांत पांढऱ्या भांड्यांना ज्वाळा, राख, धूर लागू नये म्हणून ती जाड मातीच्या डब्यांत झाकून एकावर एक रचत असत. चीनमध्ये, इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरमध्ये, आपल्याकडे उत्तर प्रदेशातल्या खुर्ज्याच्या कोळसा-भट्ट्यांमध्ये. त्या डब्याला सॅगर म्हणतात. त्याचं काम एकच, धूर बाहेर ठेवणं. विजेची भट्टी आली, धूरच उरला नाही, सॅगर अडगळीत गेले. आणि मग आमच्यासारखे लोक आले, ज्यांना स्वच्छ भट्टीत करमेना. त्यांनी तोच डबा पुन्हा काढला, या वेळी धूर आत कोंडायला. आमची फॉइल म्हणजे एकदा वापरून फेकायचा सॅगर. शेकडो वर्षं डोकं चालवून माणसाने जे घालवलं, ते आम्ही पुडीत बांधून परत आणतो.

आत्या लग्न होऊन दांडिया बाजारातल्या त्या वाड्यात आली तेव्हा स्वयंपाकघर मागच्या अंगाला होतं. एक झरोका, छत काळं कुळकुळीत, चूल, आणि दाराशी तांब्याचा बंब. पहाटे बंब पेटवणं हे तिचं पहिलं काम. पावसाळ्यात लाकडं ओली, फुंकणीने फुंकून फुंकून डोळ्यांना धारा. "सासूबाईंना वाटायचं, पोर माहेरच्या आठवणीने रडतेय," ती हसत सांगते, "रडायचेही मी. पण धुरात वेगळं काढतंय कोण!" पातेलं चुलीवर चढवण्याआधी त्याला बाहेरून ओल्या मातीचा लेप द्यायची, म्हणजे काजळी लेपावर बसायची आणि घासताना मातीबरोबर निघून जायची. मातीचा पातळ थर धूर कसा धरून ठेवतो हे माझ्या बरणीतल्या सिगच्या कितीतरी आधी तिच्या बोटांना ठाऊक होतं. फक्त तिला तो थर रोज फेकून द्यायचा होता. पुढे गॅस आला, त्या दिवशी म्हणे काकांनी पेढे आणले. मग भिंतींना चुन्याचा हात दिला, तर काळं वर आलं. दुसरा हात दिला, तरी आलं. ते आतलं काळं झाकायला किती चुना लागला याची गोष्ट आत्या अजून दर दिवाळीला सांगते, आणि ओट्यावर स्टीलच्या डब्यांत आपला चेहरा दिसतो की नाही हे येता-जाता पाहते.

त्या घरात मी धूर भेट म्हणून घेऊन गेले होते.

आणि तरी मला धुराचा वास आवडतो, हेही खरं. गॅस आला तरी बंब बरीच वर्षं राहिला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं तिच्याकडे राहायला जायचो तेव्हा सकाळी न्हाणीघरात त्या पाण्याला धुराचा वास असायचा. केसांना, टॉवेलला, अंगालाही. शाळा सुरू झाल्यावर एखाद्या फ्रॉकच्या खिशातल्या रुमालाला तो येई आणि पोटात कसंतरी होई. माझ्या मनातला धूर हा असा आहे, सुट्टीचा, दुसऱ्या कुणीतरी पहाटे उठून पेटवलेला. भट्टीत ३०० च्या पुढे आकडा सरकतो आणि नारळाच्या शेंडीचा पहिला वास येतो तेव्हा मी आजही त्या न्हाणीघरात असते. आत्या तिथे बाहेर होती, बंबासमोर, पदराने डोळे पुसत. तो वास तिला मी कधी विचारलाच नव्हता.

आमची भट्टी कारेलीबागेत एका बंगल्याच्या मागच्या शेडमध्ये आहे, आम्हा चौघांची सामायिक. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी चढली तेव्हा तिच्या तळाच्या विटांत पाणी शिरलं होतं. त्या सुकवायला पुढे रोज थोडा थोडा मंद ताप देत बसावं लागलं. त्यानंतर कॉइल बदलायला जो कारागीर आला तो मकरपुऱ्याकडचा, कमी बोलणारा. जुनी कॉइल त्याने दोन बोटांत धरली, जरा वाकवली, ती कट्‌कन मोडली. मोडलेल्या जागेचा रंग बघून म्हणाला, "धूर करता का आत?" करतो, अधूनमधून. "धूरच हवा तर लाकडं जाळा की. विजेला कशाला त्रास?" मग त्याने समजावून सांगितलं. ही तार लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमची असते. तापली की तिच्यातलंच ॲल्युमिनियम हवेशी मिळून वर एक पातळ कवच धरतं आणि त्या कवचाच्या जिवावर ती टिकते. धुरात हवा नसते, कवच झिजतं, पुन्हा धरत नाही. म्हणून आता आमचा नियम आहे की प्रत्येक फॉइलनंतर भट्टी रिकामी, भोकं उघडी ठेवून हजाराच्या वर न्यायची, म्हणजे विटांत बसलेला काळा जळून जातो आणि तारेला कवच पुन्हा चढतं. एक भट्टी धुराची आणि दुसरी तिच्या प्रायश्चित्ताची. दोन्हींचं वीजबिल भांड्याच्या किमतीत. शिवाय कार्बन मोनॉक्साइड, ज्याला वास नसतो, त्याच्यासाठी भिंतीवर एक अलार्म. फॉइल लागलेलं असताना शेडमध्ये कुणी थांबायचं नाही, आणि शेजारच्या काकूंचे कपडे वाळत असतील तर भट्टी पुढे ढकलायची. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या आठवड्यात तर नावच काढायचं नाही, सगळं बडोदं गच्चीवर असतं.

फॉइल सोडण्याची वेळ मात्र या सगळ्याची भरपाई करते. तोंडाला मास्क, खाली वर्तमानपत्र. चांदीचा रंग गेलेला असतो, राखाडी, निस्तेज फॉइल घड्यांवर हात लावताच तुटते. आत केळीच्या सालीचा आकार अजून शाबूत असतो, पूर्ण काळा, शिरांसकट, आणि फुंकर मारली की नाहीसा होतो. त्याच्या खाली मातीवर तोच आकार, कडा धूसर झालेल्या. शेंडीच्या काथ्याच्या केसाएवढ्या रेघा. फॉइलची घडी जिथे मातीला घट्ट टेकली तिथे फिकट पट्टा. पाण्याखाली धरलं की सगळं एकदम गडद होतं, आणि वाळेपर्यंत जीव टांगणीला, कारण ओलं असताना सुंदर दिसलेलं भांडं वाळल्यावर मुकं होऊ शकतं. मग मेणाचा हात. या भांड्यात पाणी राहत नाही, त्यात खायचंही नाही, हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगावं लागतं आणि प्रत्येक जण विचारतो, "मग याचं करायचं काय?" प्रदर्शनात अशा कामाशेजारी 'अग्नीची देणगी', 'निसर्गाची किमया' असल्या पाट्या लागतात त्या मला सहन होत नाहीत. साल मी ठेवली होती. ती भट्टीत दोन बोटं घसरली, एवढाच काय तो निसर्ग.

बडोद्यात सिरॅमिक शिकलेल्या कुणालाही हे प्रकरण जरा आडवाटेचंच वाटतं. इथली शिस्त विद्यापीठाच्या फाइन आर्ट्समधून आलेली. इथल्या सिरॅमिक कलावंत ज्योत्स्ना भट्ट २०२० मध्ये गेल्या, पण त्यांची स्टोनवेअरची, म्हणजे चढ्या तापावर भाजलेल्या मातीची, मांजरं, घुबडं, कमळाची बोंडं पाहिलेला माणूस मॅट ग्लेझचा एखादा निळसर हिरवा अंगभर सारखा बसवायला काय लागतं हे विसरू शकत नाही. चाचणीच्या फरशा, वह्या, प्रत्येक भट्टीची नोंद. मीही वही ठेवते. फॉइलच्या पानांवर मात्र 'डावीकडे जास्त भुसा' यापलीकडे फारसं काही लिहिता येत नाही.

आणि हे नवीन तर अजिबात नाही. १९५५ पासून पुरातत्त्वज्ञ एस. आर. राव यांनी गुजरातमधलं लोथळ हे हडप्पाकालीन गाव उकरलं, त्यात काळी-तांबडी भांडी निघाली: आतून आणि काठाशी काळी, बाहेरून तांबडी. भांडं भट्टीत पालथं घातलं की आतल्या भागाला हवा मिळत नाही, तो काळा राहतो, उघड्या पाठीला हवा लागून ती लाल होते, अशी त्याची साधारण फोड करतात. फॉइल नाही, ताप सांभाळणारा कंट्रोलर नाही, नुसतं पालथं घालणं. चार हजार वर्षांपूर्वीच्या त्या हाताला धूर कुठे लागू द्यायचा आणि कुठे नाही हे पक्कं कळत होतं.

फतेपुऱ्याकडच्या कुंभारवाड्यात मी ज्या काकांकडे माती चाळायची चाळणी मागायला म्हणून पहिल्यांदा गेले, त्यांनाही ते कळतं. नवरात्राच्या आधी त्यांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसते, सगळीकडे गरबे, म्हणजे आत दिवा ठेवायचे घट, भोकं पाडलेले, रंगवायचे राहिलेले. मागे निंभाडा, म्हणजे कुंभाराची उघडी भट्टी: गोवऱ्या, भुसा, वर फुटक्या खापऱ्यांचं पांघरूण. मी एक धुराचं भांडं सोबत नेलं होतं. त्यांनी ते बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं, बूड पाहिलं, चकाकीवरून अंगठा फिरवला आणि मान डोलावली. मग काळ्या बाजूवर बोट ठेवून हळूच, मला वाईट वाटू नये अशा बेताने विचारलं, "आ बाजु काची रही गई?" मी सगळं सांगितलं, फॉइल, साल, भट्टी. ते मोठ्याने हसले आणि कोपऱ्याकडे हात केला. "आवांनो तो मारे त्यां ढगलो पड्यो छे, बेन!" खरंच ढीग होता. निंभाड्यात एकमेकांना टेकल्यामुळे किंवा गोवरी अंगावर पडल्यामुळे काळे डाग पडलेले गरबे. त्यांना वरून पांढरा रंग फासायचा, नाहीतर पडेल त्या भावाला काढून टाकायचे. काही डाग इतके देखणे होते की मी दोन-तीन उचलून उजेडात धरले. माझ्या एका भांड्याच्या किमतीत तो आख्खा ढीग घरी आणता आला असता.

मी ते बोलून दाखवलं नाही. काकांनी मात्र माझा भाव विचारला आणि ऐकल्यावर त्यांना राग आला नाही, आश्चर्यही फार वाटलं नाही. त्यांची चौकशी वेगळीच होती: "इलेक्ट्रिक भठ्ठी केटलामां पडे?" आजूबाजूला इमारती उठल्या आहेत, वरून लोक ओरडतात, एकदा कुणी तक्रारही केली. आता ते पहाटे लवकर पेटवतात आणि वारा कुठला आहे ते आधी बघतात. सुनेला दम्याचा त्रास आहे. धूर गेला तर त्यांना हवंच आहे. मी किंमत सांगितली, थ्री-फेज कनेक्शन लागेल हे सांगितलं, महिन्याचं बिल अंदाजे सांगितलं. ते बोटांवर गरब्यांचा हिशेब करत राहिले. विजेच्या भट्टीत एका वेळी मावणार किती आणि निंभाड्यात किती, हा आकडा काही जुळत नव्हता.

निघताना मी विचारलं, नवरात्र आटोपल्यावर तुमच्या निंभाड्यात माझी चार भांडी लावाल का, तशीच उघडी, फॉइलशिवाय? "मूको ने, बेन. पण काळां पडे तो मने ना कहेता." मी म्हटलं, काळीच हवीयेत. त्यांनी माझ्याकडे, मग त्या ढिगाकडे पाहिलं आणि पैसे नकोत म्हणाले. त्याबदल्यात भट्टी जुनी कुठे मिळेल, कॉइल कोण बदलतं, त्या माणसाचा नंबर तेवढा द्या. नंबर दिला. मकरपुऱ्याच्या कारागिराला मी आधीच कळवून ठेवलंय की या गिऱ्हाइकाला आत धूर करायचा नाहीये.